आत्याच्या डोळ्यावरचा पदर

पत्र: मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते, बारावी सायन्सला आहे. कापूस वेचताना माझी आत्या एक डोळा पदराने झाकायची, कारण दोन्ही डोळे उघडे असले की एका बोंडाची दोन दिसायची. दोनदा चष्मा बदलला. शेवटी नागपूरला एमआरआय झाला, क्लायव्हल कॉर्डोमा नावाची गाठ निघाली, नाकातून ऑपरेशन झालं. थोडी गाठ राहिली आहे. मला हेच ऑपरेशन करणारी डॉक्टर व्हायचं आहे. बाबा म्हणतात, बारा वर्षं कोण शिकवणार? नर्सिंग कर. मी काय करू?

उत्तर:

बेटा, तुझं पत्र वाचल्यापासून तो पदर डोळ्यांसमोरून हलत नाही. एक डोळा झाकला की दोनाचं एक दिसत असेल, तर दोष बहुधा चष्म्याच्या नंबरात नसतो. दोन डोळे एका रेषेत वळत नसतात. डोळा बाहेर वळवणारी सहावी नस नाकाच्या पार मागे, कवटीच्या तळाच्या क्लायव्हस नावाच्या हाडाला लागून वर जाते. आत्यासारखा कॉर्डोमा तिथेच वाढतो आणि ती नस दाबतो. वर्षाला दहा लाखांत जेमतेम एकाला होणारी ही गाठ. चष्मेवाल्याला ती सुचली नाही, यात नवल नाही. पण आत्या पदर का ओढते हे तू बघितलंस, आणि लक्षात ठेवून लिहिलंस. डॉक्टरकीची सुरुवात अशीच होते.

आता गाठ राहिली त्याबद्दल. तुझ्या पत्रात त्याची खंत दिसते. या गाठीच्या मागेच मेंदूचा देठ असतो आणि बाजूंनी मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या. पहिल्याच ऑपरेशनमध्ये जास्तीत जास्त गाठ काढणं फार महत्त्वाचं, कारण दुसऱ्या वेळी जागा चिकटलेली असते. तरीही कुठे थांबायचं हे कळणं हीसुद्धा सर्जनची विद्या आहे. उरलेल्या भागाला साध्या रेडिएशनची मात्रा पुरत नाही, म्हणून पुष्कळदा प्रोटॉन उपचार, म्हणजे प्रोटॉन कणांचं रेडिएशन, सुचवतात. चेन्नईत 2019 पासून आणि टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या खारघर केंद्रात 2023 पासून तो मिळतो. आत्यासाठी हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. आणि एमआरआय वर्षानुवर्षं करत राहावा लागेल. ही गाठ हळू वाढते, पण परत येते.

तुझी वाट. आधी नीट ही प्रवेश परीक्षा, मग साडेपाच वर्षं एमबीबीएस, तीन वर्षं एमएस जनरल सर्जरी, तीन वर्षं एमसीएच न्यूरोसर्जरी, म्हणजे मेंदूच्या ऑपरेशनचं शिक्षण. एम्ससारख्या काही संस्थांत एमबीबीएसनंतर थेट सहा वर्षांचं एमसीएचही आहे. दुसरं दार बहुतेकांना माहीत नसतं: नाकातून दुर्बिणीने होणारं ऑपरेशन न्यूरोसर्जन आणि कान-नाक-घशाचे सर्जन मिळून करतात. नाकाच्या पडद्याचं अस्तर, त्याची रक्तवाहिनी न तोडता, वळवून ऑपरेशनमध्ये कवटीच्या तळाला पडलेल्या छिद्रावर बसवतात. तसं केल्यापासून मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळण्याचं प्रमाण खूप घटलं. कान-नाक-घशाचं एमएस तीन वर्षांचं असतं. कोणतं दार, हे आज ठरवू नकोस.

बाबांना एवढं सांग: बारा वर्षं त्यांना शिकवायचं नाही. सरकारी कॉलेज मिळालं तर खरा भार पहिल्या साडेचार वर्षांचा. इंटर्नशिपपासून विद्यावेतन सुरू होतं, पीजीला ते बरंच वाढतं. यवतमाळला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, नागपूरला मेडिकल, मेयो आणि एम्स, आणि सेवाग्रामला संस्थेचं एमजीआयएमएस. डोनेशन देऊन, वावर विकून प्रवेश मात्र घेऊ नका, हे मी हात जोडून सांगतो.

नर्सिंगबद्दल बाबांना तोडून बोलू नकोस. ऑपरेशननंतर नाकातून पाण्यासारखा थेंब आला, तर तो आधी नर्सला दिसतो, आणि तो थेंब ओळखणं म्हणजे मेंदूज्वर टाळणं. तेही तुझ्या स्वभावाचंच काम आहे. पण तुला हातात दुर्बीण धरायची आहे, तर आधी नीटला मनापासून बस. 180 प्रश्नांपैकी 90 जीवशास्त्राचे असतात. तुझी भीती फिजिक्सची असेल असा माझा अंदाज आहे. रोज सकाळचे दोन तास त्यालाच दे. यंदा नाही जमलं तर आणखी एकच वर्ष द्यायचं, हे बाबांशी आताच बोलून ठेव.

आत्याच्या पुढच्या तपासणीला तू सोबत जा. डॉक्टर बोट डावी-उजवीकडे फिरवून तिचे डोळे तपासतील, तेव्हा कोणता डोळा कुठे अडतो ते बघ, आणि मला लिही.