दूरच्या बेटावर जाताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यात शिक्षक आहे. दिवाळीच्या सुट्टीत पत्नी व दोन मुलांसह लिटल अंदमान बेटावर जाण्याचा विचार आहे. सहा दिवस पुरतील का?

उत्तर : बेट आपण उत्तम निवडले आहे, वेळ मात्र बदलावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्याकडे परतीचा पाऊस सरला की पावसाळा संपतो, पण अंदमानात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस पडतो आणि बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे उठण्याचेही हेच दिवस असतात. समुद्र सर्वांत शांत असतो तो साधारणपणे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. शाळेमुळे उन्हाळी सुट्टीच सोयीची असेल, तर ती लागताच निघावे, कारण मे महिन्याच्या उत्तरार्धात नैऋत्य मोसमी पाऊस केरळच्याही आधी अंदमानात दाखल होतो.

सहा दिवसांचा हिशेब कागदावर जुळतो, समुद्रावर जुळत नाही. हैदराबाद किंवा चेन्नईपर्यंत रेल्वे, तेथून श्री विजयपुरमला (२०२४ पर्यंतचे पोर्ट ब्लेअर) विमान आणि पुढे लिटल अंदमानच्या हट बे बंदरापर्यंत सरकारी जहाजाचा साधारण सहा ते आठ तासांचा प्रवास, अशी ही वाट आहे. विमानाचे तिकीट काही महिने आधी काढता येते, परंतु बेटांमधील जहाजांचे आरक्षण प्रवासाच्या काही दिवसच आधी खुले होते, आणि हवामान बिघडले की फेरी रद्द होते किंवा पुढे ढकलली जाते. म्हणून आखणी जहाजापासून सुरू करावी. हट बेहून परतण्याचा दिवस आणि परतीच्या विमानाचा दिवस यांमध्ये किमान दोन मोकळे दिवस ठेवावेत आणि एकूण आठ-नऊ दिवस हाताशी असतील तरच निघावे. जहाज वेळेवर आले, तर ते दोन दिवस सेल्युलर जेल आणि आसपासच्या बेटांसाठी सत्कारणी लागतील. मोकळे दिवस सुरुवातीलाच खर्च करून टाकले, तर मात्र अडचणीच्या वेळी विमान चुकेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. ही बेटे आपल्यापेक्षा बरीच पूर्वेला असूनही घड्याळ तेच असल्यामुळे तेथे हिवाळ्यात संध्याकाळी पाच-सव्वापाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. बटलर बे किनारा किंवा जंगलातील धबधबे पाहायचे असतील, तर सकाळी लवकर बाहेर पडावे. खाऱ्या पाण्यातील मगरींचा वावर तेथे आहे. इशाऱ्याचा फलक असेल किंवा स्थानिकांनी ‘नको’ म्हटले, तर पाण्यात पाऊलही टाकू नये.

प्रश्न : अशा बेटांसाठी परवाना लागतो का? (उदगीर)

उत्तर : भारतीय नागरिकांना हट बे परिसरासाठी वेगळा परवाना लागत नाही. मात्र त्याच बेटावर ओंगे या आदिवासी समाजाचे राखीव क्षेत्र आहे, आणि १९५६ च्या आदिवासी संरक्षण विनियमानुसार तेथे प्रवेश निषिद्ध आहे. ‘लांबून पाहून येऊ’ असे कोणी सुचवले, तरी ठाम नकार द्यावा. लक्षद्वीपला मात्र भारतीयांनाही प्रवेश परवाना घ्यावा लागतो. तो हातात येईपर्यंत तिकिटांवर मोठा खर्च करू नये.

प्रश्न : लक्षद्वीपमध्ये पिण्याचे गोडे पाणी मिळते का? आम्ही लातूरचे, त्यामुळे पहिला प्रश्न पाण्याचाच पडतो.

उत्तर : हा प्रश्न प्रत्येक प्रवाशाने विचारायला हवा. लक्षद्वीपची बेटे प्रवाळांची, अगदी सपाट आणि चिंचोळी आहेत. तेथे नदी नाही. पावसाचे मुरलेले पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत राहते आणि विहिरींना मिळते ते तेवढेच. उपसा वाढला की खारे पाणी वर चढते. कवरत्ती येथे २००५ मध्ये आणि मिनिकॉय व अगत्ती येथे २०११ मध्ये समुद्राच्या पाण्यापासून गोडे पाणी करणारे प्रकल्प उभे राहिले. त्यांत पृष्ठभागावरच्या कोमट पाण्याची कमी दाबाखाली वाफ करतात आणि सुमारे ३५० मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ निववून गोडे पाणी मिळवतात. या प्रत्येक प्रकल्पाची क्षमता दिवसाला सुमारे एक लाख लिटर आहे. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेल्या पाण्यावर दिवस काढलेल्या लातूरकरांना त्या लिटरांची किंमत वेगळी सांगायला नको. पिण्यापुरते पाणी आपल्याला मिळेल. स्नान मात्र एका बादलीत उरकावे आणि कपडे धुण्याचे काम घरी परतल्यावर करावे.

प्रश्न : आई ६८ वर्षांची आहे, तिला रक्तदाब आहे आणि आम्ही शाकाहारी आहोत. तिला जहाजाचा प्रवास झेपेल का? (अंबाजोगाई)

उत्तर : जेवणाची चिंता नको. लिटल अंदमानात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती आहेत. वरण, भात आणि भाजी मिळते. जहाजात मधल्या भागातील, खालच्या मजल्यावरील जागा घ्यावी, कारण तेथे हेलकावे कमी जाणवतात. मळमळीची गोळी जहाज सुटण्यापूर्वी घ्यायची असते, पण रक्तदाबाच्या औषधांसोबत ती चालेल का, हे आईच्या डॉक्टरांनाच विचारावे. नेहमीची औषधे ठरलेल्या मुक्कामापेक्षा आठवडाभर अधिक पुरतील एवढी न्यावीत आणि ती हातातल्या पिशवीत ठेवावीत. डासांपासून बचावासाठी मच्छरदाणीही घ्यावी. मोठे उपचार श्री विजयपुरमलाच होतात, म्हणून प्रकृती अस्थिर असेल तर आईंसह तेथेच मुक्काम करावा.

प्रश्न : मुलांना किनाऱ्यावरचे शंख आणि प्रवाळ आणता येतील का? (जालना)

उत्तर : नाही. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, आणि किनाऱ्यावर मृत अवस्थेत पडलेला तुकडाही उचलू नये. विमानतळावरील तपासणीत तो सापडल्यास कारवाई होऊ शकते. मुलांना हे घरूनच समजावून न्यावे.