गरोदरपणात आईने सिगरेट ओढली तर बाळाचे जीन्स बदलतात का, आणि त्यामुळेच दमा होतो का?

जीन्स बदलत नाहीत, पण ते किती चालू-बंद राहतात ते बदलतं, आणि बाळाला पुढे दमा व्हायची शक्यता वाढते हे तर नक्कीच. डीएनएवर मिथाइल नावाचे बारीक रासायनिक गट चिकटलेले असतात, कुठल्या जीनने किती काम करायचं ते बऱ्याच अंशी त्यावरून ठरतं, एपिजेनेटिक्स म्हणतात ते हेच. २०१६ मध्ये १३ अभ्यास एकत्र करून ६,६८५ नवजात बाळांचा डेटा बघितला गेला, तर सिगरेट ओढणाऱ्या आयांच्या बाळांत डीएनएवर ६,००० हून जास्त जागी या खुणा वेगळ्या निघाल्या आणि त्यातल्या बऱ्याच मोठ्या मुलांतही टिकलेल्या दिसल्या. सगळ्यात ठळक खूण एएचआरआर जीनवर, जो धुरातली विषारी द्रव्यं निपटणाऱ्या यंत्रणेला ब्रेक लावतो. फरक ठळक दिसतो तो गरोदरपणभर ओढत राहिलेल्यांत, त्यामुळे दिवस राहिल्याचं कळल्यावर लगेच सोडली तरी फायदा आहेच (आता कशाला सोडायची, असं सांगणाऱ्या काकू-मावश्यांकडे लक्ष देऊ नका).

फक्त एक, या खुणांमुळेच दमा झाला असं अजून सिद्ध नाही. धुराने पोटातच फुप्फुसांची वाढ कमी होते तो वेगळा रस्ता, शिवाय दमेकरी मुलांच्या रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जास्त असतात आणि प्रत्येक प्रकारच्या पेशीच्या खुणा वेगळ्या, म्हणजे मोठ्या मुलांत दिसणारा फरक दम्याचं कारण नसून परिणामही असू शकतो.