खाशाबांचं पान करताना

ताई, खेळांचा फोटो चिकटवायचा अल्बम (स्क्रॅपबुक) करताय, तर पहिल्याच पानात क्रिकेट, हॉकी, कबड्डी सगळं कोंबू नका. एकच विषय घ्या: खाशाबा जाधव, हेलसिंकी १९५२, कुस्तीत कांस्य, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

१२ बाय १२ इंचाच्या पानाला २५० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) क्रीम कार्डशीट घ्या. त्यापेक्षा पातळ कागद फोटोंच्या वजनानं वाकतो. फोटोमागे गडद निळा कागद, चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर दिसेल एवढाच.

पानावर कुस्तीचा आखाडा दाखवायला खरी माती नको, कितीही चाळली तरी ती झडतेच. हार्डवेअरच्या दुकानातून १२० नंबरचा तांबूस पॉलिश पेपर (लाकूड घासायचा खरखरीत कागद) आणा, ४ इंचाचा गोल कापा. हुबेहूब माती दिसते! मात्र समोरच्या पानावरचे फोटो त्यानं खरवडतात, म्हणून पान प्लास्टिकच्या कव्हरातच ठेवा.

पांढरा फेविकॉल फोटोला लावू नका, त्यातल्या पाण्यानं कागद सुरकुततो. दुहेरी टेप वापरा, पण आपल्या जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात तिचा गोंद मऊ पडून फोटो घसरतो. अल्बम पत्र्याच्या पेटीत उभा न ठेवता घरात आडवा ठेवा.

पानावर तिरंगा काढलात तर त्यावर अक्षरं लिहायची नसतात, त्यामुळे नाव, साल खाली वेगळ्या पट्टीवर. चक्र काढलंत तर आरे मोजा, २४ हवेत.