स्टेटस पाहिलं सगळ्यांनी, विचारलं कुणी?

मावशी, नमस्कार.

मी तासगाव तालुक्यातली. वय ३३, बी.एस्सी. झाले आहे. द्राक्षबाग आहे, बेदाण्याचं शेड आहे. घरात मालक, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. थोरल्या जाऊबाई त्याच वाड्यात राहतात, चूल वेगळी. दोन वर्षांपूर्वी कॉलेजमधल्या माझ्या जिवलग मैत्रिणीने पुण्यात फ्लॅट घेतला. वास्तुशांत झाल्याचं मला तिच्या स्टेटसवरून कळलं. तेव्हापासून मला काय झालंय कळत नाही. मीही स्टेटस टाकायला लागले. साडी, हळदीकुंकू, शेडवरचा माल. टाकलं की कुणी कुणी पाहिलं ते बघत बसते, दिवसातून वीस-पंचवीस वेळा. परवा बेदाण्याचा फोटो रात्री साडेअकराला टाकला. जाऊबाईंनी ११:४७ ला पाहिला. सकाळी अंगणात समोरासमोर आलो, तर एक शब्द नाही. मग मीही बोलले नाही. मालक दिवसभर शेडवर राबून नऊलाच झोपतात. मी साडेबारा-एकपर्यंत रील्स बघत पडते. सकाळी डोकं जड. मुलगा दुसऱ्यांदा ‘आई, ऐक ना’ म्हणाला की मी खेकसते. इन्स्टाग्राम दोनदा काढून टाकलं, तिसऱ्या दिवशी परत घेतलं. माझ्यातच काही खोट आहे का? साधा बटणाचा फोन घेऊ का?

– तुमची एक वाचक

पोरी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तिन्ही वेळेला त्या ११:४७ पाशी थांबले. त्याबद्दल मला बोलायचंच आहे, पण आधी तुझ्या खोटीचं बघू, कारण तो प्रश्न तुला आत कुठेतरी कुरतडतोय.

खोट तुझ्यात नाही. तू ज्याच्याशी झगडते आहेस ते बनवणारी माणसं फार हुशार आहेत, आणि तुझी नजर जितका वेळ पडद्यावर राहील तितक्या जास्त जाहिराती ती विकतात. रील्स बघताना ‘आता संपलं’ असं कधी येतच नाही, बघ. वर्तमानपत्राचं शेवटचं पान येतं, मालिकेचा भाग संपतो, हे संपत नाही. बोट सरकवत राहिलं की खालून नवीन येतच राहतं, ही रचना आझा रास्किन नावाच्या अमेरिकन माणसाने २००६ साली केली. आपल्या हातून हे काय झालं याची खंत पुढे त्याने स्वतः जाहीरपणे बोलून दाखवली. ज्याने बनवलं त्यालाच पश्चात्ताप झाला, मग दिवसभराच्या रगाड्यानंतर गादीवर टेकलेल्या तुझ्यासारख्या बाईला ते सुटेना, यात नवल काय?

आणि ते यादी उघडून बघणं. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. टोचलं की दर वेळी दाणा मिळतो असं असलं, तर दाणे बंद झाल्यावर कबुतर लवकरच टोचायचं सोडून देतं. पण दाणा कधी पडतो, कधी नाही, असं केलं की ते टोचतच राहतं, दाणे थांबल्यावरसुद्धा. तुझ्या स्टेटसच्या यादीचं तसंच आहे. आत्ता उघडलं तर दोन नवी नावं, मग तासभर काही नाही, मग एकदम जिचं नाव यावं असं वाटत होतं ती. चोवीस तासांनी सगळं पुसलं जातं आणि पुन्हा पहिल्यापासून. तू बेदाणा करतेस म्हणून तुझ्याच भाषेत सांगते. जाळीवर पसरलेला माल दर तासाला मुठीत घेऊन बघितला म्हणून लवकर वाळतो का? वाळायला लागायचे ते बारा-पंधरा दिवस लागतातच. शेडवर तुला हा धीर आहे. तो तुझ्या अंगचाच आहे, फोनपाशी आलं की तेवढा सुटतो.

‘दोनदा काढलं, दोनदा परत घेतलं’ यावरून तू स्वतःला कमी लेखू नकोस. एकटीने मनावर घेऊन हे सुटायला अवघड जातं. तुझ्या तालुक्यापासून फार लांब नाही असं एक गाव आठव, कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. करोनात शाळा मोबाईलवर आल्या आणि शाळा उघडल्यावरही पोरांच्या हातातून मोबाईल सुटेना. गावाने बैठक घेतली आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजायला लागला. भोंगा झाला की घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद, साडेआठपर्यंत. सुरुवातीला लोक हसलेसुद्धा. मला त्यातलं एकच फार मोलाचं वाटतं: तिथे कुणा एकीला मनाशी झगडायला लावलं नाही. सगळ्यांचं एकदम बंद, म्हणजे आपलं काही चुकतंय, पलीकडे काहीतरी चाललंय, ही हुरहुर उरत नाही. तुझ्या घरातही असा भोंगा लागेल, फक्त तुझ्यासाठी नव्हे. मालकांशी बोल. रात्री जेवायला बसल्यापासून सगळ्यांचे फोन एका जागी, त्यांचाही. त्यांना मोटरीच्या लाईटची वेळ बघायची असेल तर आधी बघून घेऊ देत.

आता माझं एक सांगते. मी सांगलीत गावभागात राहते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट, त्यावरून अंदाज कर. आम्ही वरच्या मजल्यावर अडकलो होतो, खालच्या घरात पाणी. लाईट नाही, बॅटरी पुरवून पुरवून वापरायची. तेव्हा याच व्हॉट्सॲपवर नाव कुठे आली, दूध कुठे मिळतंय, कुणाच्या म्हाताऱ्या माणसाला औषध हवंय हे कळायचं. धरण फुटल्याच्या अफवाही त्याच्यावरच यायच्या आणि रात्री अंगाचं पाणी व्हायचं. त्या गडबडीत एका शाळासोबतिणीचा मेसेज आला. वीस वर्षांत आमचं बोलणं नव्हतं. एवढंच होतं: ‘कुठे आहेस? पाणी किती आलंय? जेवलीस का?’ मी अंधारात बसून ते तीन प्रश्न पुन्हा पुन्हा वाचले.

पूर ओसरला, चिखल काढून झाला, भिंती वाळल्या. तरी मी सकाळी उठले की ग्रुपवर आयर्विनची पातळी बघायची. दिवाळी झाली, नदी तळाला गेली, माझं बघणं चालूच. गरज संपली होती, हात मात्र तसाच जात होता. मुलीने एकदा विचारलं, ‘आई, आता कसलं पाणी बघतेस?’ तेव्हा मला रडू आलं. मी पाणी बघत नव्हते. मी वाट बघत होते, कुणीतरी पुन्हा ‘जेवलीस का’ विचारेल याची.

म्हणून तुझं दुखणं मला कळतं असं म्हणायचं धाडस करते. तुझ्या यादीत चाळीस नावं येत असतील. चाळीस जणांनी पाहिलं. विचारलं कुणी? ‘अगं, माल कसा उतरलाय यंदा? रंग छान आलाय, दर काय निघाला?’ असं एकाने तरी विचारलं का? तुला विचारपूस हवी आहे आणि फोन तुला फक्त हजेरी देतो. हजेरीने पोट भरत नाही, म्हणून तू पुन्हा पुन्हा उघडतेस.

मैत्रिणीने तुला वास्तुशांतीला बोलावलं नाही, हे लागणारच. तू त्याला उगाच क्षुल्लक समजू नकोस. जिच्याबरोबर एका डब्यात जेवलो तिच्या घरात नारळ फुटला आणि आपल्याला चार दिवसांनी फोटोतून कळलं, हा घाव आहे. पण त्या घावाला तू दोन वर्षं साड्यांच्या फोटोंनी उत्तर देते आहेस आणि तिला ते उत्तर आहे हे ठाऊकच नाही. तिला एकदा फोन कर. लिहू नकोस, बोल. ‘तुझ्या घराचं कळलं, आनंद झाला, मला बोलावलं नाहीस याचं वाईटही वाटलं’ इतकं सरळ. कदाचित घरच्या घरी चार माणसांत उरकलं असेल, कदाचित खरंच विसरली असेल. जे असेल ते तिच्या तोंडून ऐक. तोवर तिचं स्टेटस म्यूट करून ठेव, तिला कळत नाही आणि यात वैर काही नाही. जखम ओली असताना कुणी तिला रोज हात लावत नाही.

बटणाचा फोन घेऊ नकोस. शाळेचा ग्रुप, बाजारभाव, हवामानाचा मेसेज, गॅसचं बुकिंग सगळं त्यातच आहे. तू आठ दिवसांत मालकांचा फोन हातात घेशील आणि त्यावरून घरात वाद होतील. त्यापेक्षा एक बारीक गोष्ट कर, आज रात्रीच. व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी म्हणून आहे, त्यात ‘रीड रिसीट्स’ बंद कर. निळ्या टिका जातील, आणि तुझं स्टेटस कुणी पाहिलं ती यादीही तुला दिसणार नाही. तू कुणाचं पाहिलंस तेही त्यांना दिसणार नाही. पहिले तीन-चार दिवस चुकल्या-चुकल्यासारखं होईल, हात जाईल आणि रिकामा परत येईल. येऊ दे. फोटो काढायला माझी काहीच हरकत नाही, पिवळाधमक बेदाणा जाळीवर पसरला की दिसतोच देखणा. पण तो फोटो चौकात टांगण्याऐवजी एका माणसाला पाठव. मावशीला, शाळेतल्या बाईंना, आईला. खाली एक प्रश्न लिही. फोटोला अंगठा येतो, प्रश्नाला उत्तर येतं.

रात्रीचा फोन खोलीच्या बाहेर. चार्जर स्वयंपाकघरात फ्रिजवर ठेव. गजर फोनमध्ये आहे म्हणशील, तर तासगावच्या बाजारातून गजराचं घड्याळ आण. माझ्याकडे अजून चावीचं आहे.

मुलाच्या बाबतीत मात्र मी तुला सूट देणार नाही. तो दुसऱ्यांदा ‘ऐक ना’ म्हणतो, म्हणजे पहिल्यांदा तू ऐकलं नाहीस. तुला त्या चाळीस नावांकडून जे हवंय, तेच तो तुझ्याकडे मागतोय. सात वर्षांचं पोर अजून मागतंय हे तुझं भाग्य आहे गं. थोडा मोठा झाला की मागायचं थांबेल, मग त्याच्याही हातात फोन असेल. उद्या त्याने हाक मारली की फोन उपडा ठेव आणि त्याच्याकडे तोंड करून बस. तो पाच मिनिटांत आपल्या वाटेने खेळायला पळतो की नाही बघ. आणि आजवर खेकसलीस त्याबद्दल त्याला एकदा ‘माझं चुकलं’ म्हण. पोरं फार मोठ्या मनाची असतात.

एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगते. फोन बाजूला ठेवूनही झोप येत नाही, जेवण नकोसं होतं, कारण नसताना डोळे भरतात, असं दोन-तीन आठवडे चाललं तर तो नुसता फोनचा प्रश्न नाही. १४४१६ हा सरकारचा टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या दुखण्याबद्दल फोनवर बोलायचा नंबर आहे. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो आणि मराठीतून बोलता येतं. ताप आला की डॉक्टरकडे जातोच ना आपण, तसंच हे.

आता ११:४७.

तू लिहिलंस की जाऊबाईंनी पाहिलं आणि सकाळी बोलल्या नाहीत. तू त्यातून हेवा वाचलास. मी काय वाचलं सांगू? रात्री पावणेबाराला ती बाईसुद्धा जागी होती. तिच्याही घरचे दमून झोपलेले, तिच्याही हातात फोन. मधे एक भिंत. तू अलीकडे तिची वाट बघत होतीस आणि ती पलीकडे तुझा बेदाणा बघत होती. सकाळी ती बोलली नाही, हे खरं. पण तूही बोलली नाहीस, आणि तिनेही त्या मुकेपणाचा काहीतरी अर्थ लावलाच असेल. थोरली आहे, चूल वेगळी झाल्यावर धाकटीच्या दारात आपण होऊन कसं जायचं, हा मान वाड्यात किती आडवा येतो ते मी माझ्या सासरी भोगलंय. आम्हा दोघी जावांत नऊ वर्षं अबोला होता आणि कशावरून सुरू झाला ते दोघींनाही शेवटी नीट आठवेना. तेव्हा फोनही नव्हते दोष द्यायला.

कदाचित त्यांच्या मनात खरंच काही असेल, माझा अंदाज चुकलाही असेल. पण ते स्टेटसच्या यादीतून कळायचं नाही.

दुपारी सासूबाई लवंडल्या की जा. यंदाच्या मालातला एक वाटीभर बेदाणा घे, शेडवरून आलेला, निवडलेला. फोन घरी ठेव. ‘वहिनी, जरा चावून बघा, ओलसर लागतोय का?’ असं विचार. तुझ्याआधी त्या घरात आल्या, जास्त हंगाम बघितलेत, त्यांना कळतं. चहा ठेवला तर नको म्हणू नकोस.

काय झालं ते मला लिही. मी वाट बघते.

– तुझी मावशी