शीळ थांबवण्यासाठी आवाज उतरवण्यापूर्वी मोल्ड तपासा

आपण लिहिले आहे की डिचोलीला असलेल्या आपल्या वडिलांचे कानामागचे श्रवणयंत्र जेवताना आणि फोन कानाला लावताना शीळ घालत होते, ती संगणकावर आवाज उतरवून बंद करून दिली, आणि तेव्हापासून त्यांना बोललेले नीट कळत नाही. तेव्हा नवे यंत्र घ्यावे का? माझ्या मते इतक्यात घेऊ नये.

मोल्ड म्हणजे कानाच्या मापाने बनवलेला, कानात बसणारा यंत्राचा भाग. तो आणि कान यांच्यामधल्या फटीतून यंत्राने वाढवलेला आवाज बाहेर निसटतो, कानावरच्या मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि पुन्हा वाढून येतो. हे चक्र म्हणजेच शीळ. ती बहुधा २००० ते ४००० हर्ट्‌झच्या आसपास असते आणि 'श', 'च', 'ट' यांसारखी व्यंजने ओळखू येण्यासाठी नेमका तोच पट्टा लागतो. तो उतरवला की शीळ जाते आणि शब्दही जातात.

घरी एवढे करून पाहावे. मोल्ड कानातून काढून, यंत्र चालू ठेवून, मोल्डचे आवाजाचे भोक आणि व्हेंट (हवा खेळण्यासाठी ठेवलेले बारीक छिद्र) ही दोन्ही बोटांनी घट्ट दाबावीत. शीळ थांबली तर गळती कानात आहे. न थांबल्यास ट्यूब (यंत्रातून मोल्डपर्यंत आवाज नेणारी नळी) चिरलेली किंवा हुकाशी, म्हणजे यंत्राच्या कानावर अडकणाऱ्या वाकड्या टोकाशी, सैल असू शकते, क्वचित दोष यंत्राच्या आत असतो. ट्यूब काही महिन्यांत पिवळी आणि कडक होतेच, ती बदलणे स्वस्तातले काम आहे. (आपल्याकडच्या पावसाळ्यात ट्यूबमध्ये पाण्याचे थेंब साचतात, पण त्याने आवाज दबतो किंवा तुटतो, तो प्रश्न वेगळा.)

गळती कानातच असेल तर मोल्डचे वरचे टोक बाहेरच्या कानाच्या वरच्या घडीत नीट बसले आहे का, हे पाहावे. वयस्कर माणसांकडून ते हमखास बाहेर राहते. कानात मळ असल्यास तो ईएनटी डॉक्टरांकडूनच काढून घ्यावा. एवढे करूनही जेवताना शीळ येत असेल, तर चावताना जबड्याच्या हालचालीने कानाच्या नळीचा आकार बदलतो आणि मोल्ड तेवढा सुटतो, असे समजावे. अशा वेळी तोंड उघडे ठेवून नवे माप घ्यायला आणि मोल्ड नळीच्या दुसऱ्या वळणापर्यंत पोहोचवायला ऑडिओलॉजिस्टना (श्रवणतज्ज्ञांना) सांगावे. खोबरेल लावून फट बुजवू नये.

शीळ दाबणारी डिजिटल सोय यंत्रात असते, पण तिच्यावर सारी भिस्त ठेवू नये: ती जोरात लावली की चवथीच्या आरतीत पेटीचा लांबवलेला सूरही तिला शीळच वाटतो, आणि तो थरथरत, विचित्र ऐकू येतो.

नवा मोल्ड बसल्यावर उतरवलेला आवाज पुन्हा मूळ पातळीवर आणून घ्यावा, कारण तो आपोआप परत येत नाही.