‘मागचं अंगण’ कानाला का खटकतं?

प्रश्न असा आहे: एका अमेरिकन बालकथेचा अनुवाद करताना ‘बॅकयार्ड’ला ‘मागचं अंगण’ लिहिलं. आईने कच्चा खर्डा वाचला आणि ‘असं कोण म्हणतं?’ म्हणून त्यावर काट मारली. मग बरोबर शब्द कोणता, आणि ‘यार्ड’ला मराठीत एकच शब्द आहे का?

तुमच्या आईचा कान तयार आहे. अंगण हे घराच्या पुढेच असतं, निदान बोलण्यात तरी. तिथे सकाळी सडा पडतो, रांगोळी निघते, तुळशीचं लग्न लागतं आणि आल्यागेल्याला आधी तेच दिसतं. मागे असतं ते परस किंवा परसदार: आड, न्हाणीघर, भांडी घासायची जागा आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढलेलं अळू, केळ, कढीलिंब. परसबाग हा शब्द त्यातूनच आला. शौचालयही पूर्वी तिकडेच असायचं, म्हणून ‘परसाकडे जाणे’ या शब्दप्रयोगाचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. वर्तमानपत्रांनी मात्र परसदाराला अगदी परराष्ट्र धोरणात नेऊन बसवलंय. लॅटिन अमेरिका म्हणजे अमेरिकेचं परसदार वगैरे. तिथे अळवाची आठवण कोणाला येत नसावी.

कोकणात याच जागांना पुढीलदार आणि मागीलदार म्हणतात. यातलं ‘दार’ म्हणजे फळ्यांचं दार नव्हे, दाराबाहेरची सगळी जागा. हे फक्त कोकणातलं नाही. ‘दारात गाडी उभी आहे’, ‘त्यांच्या दारात आंबा आहे’ असं आपण सगळेच म्हणतो. आंबा काही उंबऱ्यात उगवलेला नसतो.

सिंधुदुर्गात अंगणाला खळं म्हणतात. देशावर खळं म्हणजे मळणीची जागा, ते शेतात असतं. आमच्या आजोळी पावसाळ्यात खळ्यावर शेवाळ धरायचं, पाय टाकला की घसरलाच. पाऊस सरला की खळं ‘करायचं’. जमीन खणायची, पाणी मारून चोपण्याने चोपायची, सुकली की शेणाने सारवायची. सारवताना मामी हाताने अर्धवर्तुळं काढत मागे मागे सरकत जायची आणि शेवटी स्वतःला उभं राहायला जेमतेम पायरी उरायची. वर पोफळीच्या खांबांवर झावळ्यांचा मांडव. मे महिन्यात त्याच खळ्यात आमसुलं वाळायची, आंब्याची साठं वाळायची आणि रात्री आम्ही मुलं ओळीने झोपायचो. एकाच जागेची इतकी कामं होती की ‘मोकळी जागा’ हा शब्द तिला कधी शोभलाच नसता.

बाकीचे शब्द झटकन सांगतो. कोल्हापूरकडे घरामागे परडं, त्यात गुरं आणि गवताची गंज. चौसोपी वाड्यात भिंतींच्या आतली उघडी जागा म्हणजे चौक. शाळा, देऊळ, कचेरी यांचं ते आवार, कारण ती जागा हद्दीने ओळखायची. आवार सारवत नाहीत, आवारात शिरतात. प्रांगण समारंभाच्या पत्रिकेत असतं, घरात नाही. खुद्द ‘यार्ड’ मराठीत आलं ते मालाचं आणि रुळांचं: मार्केट यार्ड, रेल्वे यार्ड. आणि कंपाउंडची तर गंमत आहे. इंग्रजीत ती भिंतीआतली जागा, मराठीत बहुधा ती भिंतच. ‘कंपाउंडवरून उडी मारली’ म्हणतो ना आपण?

‘अंगणवाडी’चाही उल्लेख करायला हवा, कारण त्यात अंगणाचा नेमका अर्थ वापरलाय. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाड भागात आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत हे पाहून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. पुढे 1975 साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हा मराठी शब्द देशभर गेला. ‘परसवाडी’ म्हटलं असतं तर तिथे भाजीच पिकली असती.

शहरात बांधकामाच्या नियमांनी इमारतीभोवतीच्या जागेला ‘सामासिक अंतर’ हे नाव दिलंय. ते नकाशात ठीक. मुलांनी आपला शब्द आपणच काढला आहे: ‘आई, खाली जातो.’ फ्लॅटमधल्या पिढीचं अंगण म्हणजे हे ‘खाली’.

आता तुमची गोष्ट. कुत्रा ‘बॅकयार्ड’मध्ये हाड पुरतो, तिथे ‘परसात’ लिहा, किंवा साधं ‘घरामागे’. दोन्ही चालतील. मुलगा शनिवारी ‘फ्रंट यार्ड’मधलं गवत कापतो, तिथे मात्र ‘अंगणातलं गवत’ लिहू नका. ते लोक गवत मुद्दाम लावतात, पाणी घालून वाढवतात. आपल्याकडे अंगणात गवत माजलं की वाटेने जाणारा विचारतो, ‘या घरात आता कोणी राहत नाही का?’ तेव्हा ‘घरापुढची हिरवळ’ लिहा, आणि खर्डा पुन्हा एकदा आईला दाखवा.