सहाजण, एक दिवस, मोठं शहर: फिरण्याचा आणि खाण्याचा बेत

सहा मित्र, अनोळखी मोठं शहर, सकाळी ९ ते रात्री ९, यादीत १४ ठिकाणं आणि शिवाय खादाडी. जमेल का, असं तुम्ही विचारलंय. १४ जमणार नाहीत. दोन पक्की धरा, तीन ‘जमलं तर’मध्ये टाका आणि पाचही एकमेकांपासून दोन-तीन किलोमीटरच्या आतली निवडा.

अशा दिवशी वेळ खातं ते एकमेकांसाठी थांबणं. एकटा माणूस तासाला साडेचार-पाच किलोमीटर चालतो; सहाजणांचा घोळका तीन चालला तरी खूप. सिग्नलला तिघे पलीकडे जातात, तिघे अलीकडे अडकतात. एकाला फोटो काढायचा असला की सहाहीजण उभे. नकाशा २० मिनिटं दाखवतो तिथे ३५ धरा.

तिकिटाचं ठिकाण उघडतानाच गाठा. साप्ताहिक सुट्टी आदल्या दिवशीच बघा: बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, पण पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी आणि ताजमहाल शुक्रवारी. शेवटचा प्रवेशही बहुतेकदा बंद व्हायच्या वेळेआधी अर्धा-एक तास थांबतो. संग्रहालयाला दीड तास पुरे. काचेखालचं पाहायला आणि बारीक अक्षरं वाचायला सारखं वाकून माणूस किती थकतो, हे बोस्टनच्या कला संग्रहालयातल्या बेंजामिन गिलमन यांनी १९१६ मध्येच फोटोंसकट दाखवलंय.

आता खाणं. सहाजणांनी सहा प्लेट मागवल्या की बेत तिथेच संपला. पोटं भरतात आणि पुढच्या चार ठिकाणी नुसतं बघत बसावं लागतं. दोन, फार तर तीन प्लेट घ्या. प्रत्येकाच्या वाट्याला तीन-चार घास येतात आणि दीड-दोन तासांनी पुन्हा भूक लागते. सकाळचा नाश्ता हलका ठेवा. तळलेल्यावर लगेच तळलेलं नको, गोड शेवटी. बसून जेवण एकदाच, तेही पावणेबाराला किंवा अडीचनंतर. एक ते दोनच्या गर्दीत सहाजणांचं टेबल मिळत नाही. चार आणि दोन असं बसायची तयारी असेल तर लवकर सोय होते. मात्र फार उशीर करू नका, अनेक स्वयंपाकघरं दुपारी तीननंतर संध्याकाळपर्यंत बंद असतात. रस्त्यावर खायचं तर माल पटापट संपणारी गाडी बघा आणि समोर आचेवरून उतरलेलंच घ्या. कापून ठेवलेली फळं आणि बर्फ टाळा. कोणाला ॲलर्जी आहे, कोण शाकाहारी, हे आधीच विचारून ठेवा. पदार्थ चालतो, पण तेल किंवा तवा तोच असतो, घोटाळा तिथे होतो.

पैशांसाठी सकाळीच सारखी काँट्री काढून एकाकडे द्या. संपली की पुन्हा काढा. प्रत्येक बिलावर हिशोब मांडलात तर दर वेळी दहा मिनिटं गेलीच. ‘कुठे जायचं?’ हा प्रश्नही सहाजणांना विचारू नका. जेवणापर्यंत एकाने ठरवायचं, नंतर दुसऱ्याने.

दुपारी चारच्या सुमारास दीड तास सरळ वेगळे व्हा. कोणाला बाजार हवा असतो, कोणाला सावलीतला बाक. चिडचिड याच वेळी सुरू होते, आणि त्यावर समजुतीपेक्षा हा उपाय जास्त चालतो. भेटायची जागा ‘मुख्य दरवाजा’ अशी ठरवू नका, दरवाजे तीन निघतात. एखादं घड्याळ, पुतळा, दुकानाची पाटी असं काही सांगा. सूर्यास्त पाहायचा असेल तर अर्धा तास आधीची वेळ द्या.

मेट्रोत दार बंद होऊन कोणी मागे राहिलं, तर पुढे गेलेल्यांनी पुढच्याच स्टेशनवर उतरून फलाटावर थांबायचं, मागच्याने पुढच्या गाडीने यायचं. हे सकाळीच ठरवा, कारण जमिनीखाली फोन लागेलच असं नाही. आणि रात्रीच्या जेवणाची ऑर्डर देण्याआधी परतीची शेवटची गाडी किती वाजता आहे ते बघून घ्या.